गल्ल्यावरून उठण्याआधी

गणपती चार दिवसांवर आलेत. डोंबिवलीत फडके रोडच्या आसपासचं एखादं मिठाईचं दुकान डोळ्यांसमोर आणावं. मोदकांच्या ऑर्डरी वहीत चढल्यात, खवा येऊन पडलाय आणि रात्री साडेनऊला डीप फ्रीजर बंद पडतो. मेकॅनिक कोण, हे फक्त बाबांना ठाऊक. त्याचा नंबर बाबांच्या मोबाइलमध्ये आहे, पण ‘मेकॅनिक’ असं लिहिलेलं नाही. बाबांनी तो ‘अंबरनाथ पांढरी स्कूटर’ या नावानं ठेवलाय. आणि बाबा दुपारीच छातीत दुखतं म्हणून रुग्णालयात दाखल झालेत. मुलगा शिकलेला आहे, हिशेब चोख ठेवतो, दुकानाचं इन्स्टाग्राम तोच सांभाळतो. पण या घटकेला त्याला पांढरी स्कूटर सापडत नाही.

दुकानाचा गाळा मुलाच्या नावावर करता येतो, लायसन्स करता येतं, बँकेचं खातंही. मेकॅनिकचा नंबर, खव्याला हात लावून ‘आज घेऊ नका’ म्हणणं, कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी द्यायची आणि कोणाला हसून टाळायचं, हे कुठल्याही नोंदणी कार्यालयात कोणाच्या नावावर होत नाही. घरच्या छोट्या धंद्याचा कणा तर हाच असतो. ठाण्याच्या गोखले रोडपासून कल्याणच्या शिवाजी चौकापर्यंत हजारो दुकानं, वर्कशॉप, खानावळी, क्लासेस आणि छापखाने अशा एकाच डोक्यावर उभे आहेत. वारसदार ठरवणं म्हणजे नेतृत्व सोपवणं, असं घरोघरी मानलं जातं. प्रत्यक्षात आधी जाणकारी हस्तांतरित व्हावी लागते आणि खुर्ची नंतर. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो, किंवा दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होतात, दवाखान्याच्या बाकावर.

या विषयावरच्या व्याख्यानांत एक आकडा हमखास फेकला जातो: घरचे धंदे दुसऱ्या पिढीपर्यंत फक्त ३० टक्के टिकतात आणि तिसऱ्या पिढीपर्यंत १३ टक्के. तो ऐकून घाबरण्याआधी त्याचं मूळ पाहावं. अमेरिकन अभ्यासक जॉन वॉर्ड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातला हा आकडा आहे आणि तो इलिनॉय राज्यातल्या सुमारे दोनशे कारखान्यांच्या पाहणीतून आलेला आहे. तिथल्या कारखान्यांचा हिशेब डोंबिवलीच्या पोळी-भाजी केंद्राला जसाच्या तसा लागू करणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचणं. शिवाय मुलगी डॉक्टर झाली म्हणून वडिलांनी समाधानानं दुकान बंद केलं, तर त्याला अपयश कसं म्हणायचं? प्रश्न खरा आहे, पण तो टक्केवारीनं सुटणारा नाही.

त्यापेक्षा आसपासच पाहिलेलं बरं.

ठाण्यात तहसील कार्यालयाच्या आवारातल्या कँटीनची मिसळ लोकांनीच ‘मामलेदार मिसळ’ करून टाकली. वडिलांनी सुरू केलेलं ते कँटीन लक्ष्मण मुर्डेश्वर यांनी तरुण वयातच हाती घेतलं आणि पुढची अनेक दशकं चालवलं. २०२० च्या अखेरीस ते गेले. त्यांच्या माघारी मिसळ बंद पडली नाही, त्या नावाच्या शाखाही निघाल्या. एका जागेवरून दुसऱ्या जागी खुर्च्या-टेबलं कोणीही नेऊ शकतो. रश्शाचा तिखटपणा न्यायचा तर तो आधी कोणाच्या तरी हातातून बाहेर यावा लागतो. कल्याणचा खिडकी वडा ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. वझे कुटुंबानं राहत्या घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात केली आणि ती खिडकीच नाव होऊन बसली. आता हे नाव बऱ्याच पाट्यांवर दिसतं. नाव सगळीकडे होतं आणि कृती घरात राहते, तेव्हा घरच्यांनी कशाची नोंदणी करायची आणि काय झाकून ठेवायचं, हे वेळेत ठरवलेलं बरं. नावाचा ट्रेडमार्क नोंदवता येतो. वड्याच्या सारणाचा नोंदवता येत नाही.

आणि डोंबिवलीकरांना रोज दिसणारं तिसरं उदाहरण. केशव विष्णू पेंढरकर नागपूरहून मुंबईला आले, किराणा दुकान चालवलं आणि १९५२ मध्ये परळच्या छोट्याशा जागेत आयुर्वेदिक दंतमंजन करायला लागले. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, म्हणजेच विको. मुलं दारोदार जाऊन मंजन विकत. वनस्पतींची जाण आयुर्वेद शिकलेल्या मेहुण्याकडून आली, गिऱ्हाइकाची नाडी स्वतः पेंढरकरांना दुकानदारीतून कळली होती आणि मुलगा गजानन औषधनिर्माणशास्त्र शिकून धंद्यात आला. वडील असतानाच तिन्ही प्रकारची जाणकारी एका छपराखाली आली. पुढे गजानन पेंढरकरांच्या काळात, सत्तरच्या दशकात, हळदीचं क्रीम आलं आणि दूरदर्शनच्या जाहिरातींनी ते घराघरांत पोचवलं. विकोचा एक कारखाना डोंबिवलीत आहे आणि इथलं पेंढरकर महाविद्यालय केशवरावांच्याच नावाचं आहे. मुलानं बापाचंच काम बापासारखंच करायचं, असं इथे झालं नाही. बापाला जे येत नव्हतं ते मुलगा घेऊन आला आणि बापानं त्याला जागा दिली. बापानं जागा दिली, या दुसऱ्या अर्ध्या भागाची चर्चा कमी होते.

मुठीचं वजन

सकाळी आठच्या सुमाराच्या लोकलसाठी धावणाऱ्या ठाणे-डोंबिवलीकरांचे डबे ज्या पोळी-भाजी केंद्रांवर अवलंबून आहेत, तिथे जाऊन विचारावं: दोनशे पोळ्यांना मीठ किती? उत्तर येतं, ‘दोन मुठी आणि वर थोडं.’ मूठ कोणाची, हे सांगायची गरज वाटत नाही, कारण ती एकाच व्यक्तीची असते. वीस वर्षं पहाटे चारला उठणाऱ्या काकूंची.

हातातल्या ज्ञानाचा त्रास असा की ते ज्याच्याकडे असतं त्यालाही ते सांगता येत नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंतानं साठच्या दशकात यावर पुस्तक लिहिलं: माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, हा त्याचा मुद्दा. काकूंना पोलान्यी माहीत असण्याचं कारण नाही, पण ‘बघून शिक’ असं त्या सुनेला सांगतात तेव्हा तोच मुद्दा मांडत असतात. अडचण एवढीच की नुसतं बघूनही सगळं दिसत नाही.

यावर जपानमध्ये घडलेला एक किस्सा उपयोगी आहे. ऐंशीच्या दशकात मात्सुशिता कंपनी घरगुती ब्रेड मशिन बनवत होती आणि ब्रेड काही केल्या नीट होईना. कवच जळायचं आणि आत कच्चं राहायचं. इकुको तानाका ही त्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारी. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा ब्रेड शहरात नावाजलेला होता, म्हणून ती तिथल्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेली. पुष्कळ दिवस पीठ मळल्यावर तिच्या लक्षात आलं की तो माणूस पीठ नुसतं ताणत नाही, ताणताना पिळतोही. त्याला स्वतःला हे कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. ते पिळणं मशिनमध्ये उतरलं आणि ब्रेड जमला. इकुजिरो नोनाका या अभ्यासकानं १९९१ मध्ये हा किस्सा लिहिला आणि तो जगभर गेला. पुण्यात चितळे बंधूंची बाकरवडी हातानं वळण्यापासून मशिनपर्यंत गेली, तेव्हाही कोणाला तरी त्या हातांकडे बसून नीट बघावंच लागलं असणार.

म्हणून पहिला सल्ला अगदी साधा. मूठ तोलावी. काकू मीठ घालण्याआधी मिठाचा डबा काट्यावर ठेवावा आणि घातल्यावर पुन्हा ठेवावा. दोन वजनांतला फरक म्हणजे काकूंची मूठ. तेल, मसाला, पाणी, सगळ्याचं असंच. काकूंना मध्येच थांबवायचं नाही, त्यांचा हात अडखळला की माप चुकतं. हे एकदा करून भागत नाही. पावसाळ्यात कणीक वेगळी, मे महिन्यात वेगळी, गहू बदलला की पुन्हा वेगळी. आठवड्यातले दोन दिवस, दोन महिने अशी नोंद केली की मापाची एक पट्टी मिळते: ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’. ती पट्टी हेच खरं उत्तर, एकच आकडा लिहून ठेवला तर तो पहिल्याच पावसात खोटा पडतो.

मापानंतर खुणा. कांदा ‘गुलाबी’ म्हणजे कसा, पाक ‘एकतारी’ झाला हे कळतं कसं, लेथवर काम करणाऱ्याला हत्यार बोथट झाल्याचं आवाजावरून कसं कळतं, हे मोबाइलवर टिपून ठेवावं. व्हिडिओला सुंदर करायची गरज नाही. उजेड हवा, हात दिसायला हवेत आणि विचारणारं कोणीतरी हवं: ‘आता का थांबलात?’ या एका प्रश्नातून जे निघतं ते तासभराच्या मुलाखतीतून निघत नाही.

आणि मग शिकणाऱ्यानं स्वतः करायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कारखान्यांत नवख्या कामगारांना घाईनं तयार करण्यासाठी एक पद्धत वापरली गेली आणि पुढे जपानी कारखान्यांनी ती उचलून घरची केली. आधी शिकणाऱ्याला कामाशी जोडायचं, मग करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि करता करता त्यानं ते तोंडानं सांगायचं, मग त्याला एकट्याला सोडून अधूनमधून डोकवायचं. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्या होतात. तिसरी राहते. मुलगा करतोय आणि बाप बाजूला उभा राहून हात शिवशिवतायत म्हणून डाव काढून घेतोय, हे दृश्य कुठल्याही स्वयंपाकघरात किंवा वर्कशॉपमध्ये रोज दिसतं. शिकणाऱ्यानं चुकून केलेली एक परात भाजी फेकावी लागली तर तो खर्च शिकवण्याच्या खात्यात टाकावा. ते खातं वहीत खरंच उघडावं, महिन्याला एवढे रुपये चुकांसाठी. रक्कम आधीच ठरलेली असली की बोलणी कमी बसतात.

कारखान्यांच्या बाबतीत हे लिहून ठेवणं चवीपुरतं नसतं. डोंबिवली एमआयडीसीनं मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांतले भीषण स्फोट पाहिले. त्या अपघातांची कारणं हा वेगळा विषय आहे. पण कोणता व्हॉल्व्ह आधी, तापमान किती झालं की हात थांबवायचा, हे रिॲक्टरपाशी काम करणाऱ्या छोट्या युनिटमध्ये एकाच जुन्या माणसाच्या सवयीवर सोडणं कोणत्याही मालकाला परवडणारं नाही. ते भिंतीवर, कामगाराला वाचता येईल त्या भाषेत लागलेलं हवं. इथे मराठीबरोबर हिंदीही हवी, याचा राग मानू नये.

का, हे लिहायची वही

हातापेक्षा अवघड असतं डोकं. गल्ल्यावर बसलेला माणूस दिवसभरात पन्नास लहान निर्णय घेतो आणि त्यातला एकही समजावून सांगत नाही. समजा, वागळे इस्टेटमधल्या एका जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपच्या मालकानं एका मोठ्या कंपनीची ऑर्डर नाकारली. मुलगा चडफडतो, ‘बाबा, आलेलं काम घालवलंत.’ बाबा म्हणतात, ‘तुला नाही कळायचं.’ इथे नेमकं शिकवणं थांबलं. कदाचित त्या कंपनीचा खरेदी अधिकारी बदललाय आणि नवा माणूस माल नाकारून भाव पाडतो. कदाचित मशिनवर आधीच दुसरं काम लावलंय आणि ते चुकलं तर जुनं गिऱ्हाईक जाईल. किंवा कदाचित बाबांना मोठ्या कामाची भीतीच वाटते. हे शेवटचं कारणही खरं असू शकतं आणि मुलाला ते कळायला हवं.

यासाठी एक वही पुरते. रोज रात्री दुकान वाढवताना दिवसभरातले दोन किंवा तीन निर्णय लिहायचे: काय ठरवलं, का ठरवलं, दुसरं काय करता आलं असतं. मालकाला लिहायचा कंटाळा असेल तर त्यानं सांगावं आणि मुलानं किंवा मुलीनं लिहावं. पंधरा दिवसांनी क्रम उलटा करायचा: सकाळी प्रश्न समोर आला की मुलीनं आधी स्वतःचा निर्णय कारणासकट लिहायचा, मग बाबांनी त्यांचा सांगायचा. दोघांचे जुळायला लागले की अधिकार द्यायची वेळ झाली. जुळत नसले आणि मुलीचा बरोबर ठरत असला, तरीही.

अधिकार मात्र हप्त्यानं द्यावा आणि आकड्यात द्यावा. पहिले तीन महिने पाच हजारांपर्यंतची खरेदी न विचारता, मग पंचवीस हजारांपर्यंत, मग एका अख्ख्या विभागाची. ‘आता तूच बघ’ असं म्हणून रोज संध्याकाळी गल्ला मोजायला येणं म्हणजे अधिकार देणं नव्हे. दिलेल्या मर्यादेत घेतलेला निर्णय मालकाला पटला नाही तरी तो गिऱ्हाइकासमोर किंवा नोकरासमोर फिरवायचा नाही. घरी बोलायचं. पोऱ्यानं एकदा पाहिलं की थोरल्या शेठनं धाकट्या शेठचा शब्द मोडला, की पुढची पाच वर्षं धाकट्याचा शब्द चालत नाही.

पुण्यातल्या चितळ्यांच्या दुपारी बंद असणाऱ्या दुकानावर अवघ्या महाराष्ट्रानं विनोद केले. २०१७ मध्ये ते दुपारीही उघडं राहायला लागलं, तेव्हा त्याची बातमी झाली. बाहेरच्यांना तो वेळापत्रकातला बदल वाटला. पण धंद्याची ओळख बनलेली सवय मोडायची तर ती का पडली होती आणि आता का नको, हे दोन्ही घरात कोणाला तरी माहीत असावं लागतं. कारण ठाऊक नसलेल्या परंपरेला नवी पिढी एकतर चिकटून बसते किंवा फेकून देते.

उलटी गंगाही वाहू द्यावी लागते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल ठरलेल्या मुदतीत, आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत, चुकतं करावं लागतं, नाहीतर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळत नाही, ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या गुंतवणूक-उलाढालीच्या मर्यादाही वाढल्या. हे बहुतेक वेळा मुलाला किंवा सीएकडे जाणाऱ्या सुनेला आधी कळतं. वसुलीच्या फोनवर नम्रपणे कसं बोलायचं ते बाबांना येतं. दोघं शेजारी बसून फोन करतील तर पैसे लवकर येतील.

घरातलं न दिसणारं ज्ञान

कुटुंबाचा धंदा म्हटलं की वडील आणि मुलगा, अशी जोडी आपोआप डोळ्यांसमोर येते. हा लेखही आतापर्यंत बराचसा त्याच वळणानं गेला. पण कित्येक दुकानांत कोणत्या सोसायटीतून कोणत्या सणाला काय मागणी येते, कोणत्या पुरवठादाराच्या घरी लग्न आहे, कोणता कामगार उचल मागणार आहे, हे सगळं ‘आई’ला ठाऊक असतं. पाटीवर तिचं नाव नसतं, पगारपत्रकात नसतं, कधी कधी बँकेच्या खात्यातही नसतं. घरात ज्ञानाची मोजदाद करायची झाली तर पहिली बैठक तिच्याबरोबर घ्यावी. मुलीचंही तेच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. वाटा द्यावाच लागणार असेल तर दुकान चालवायला शिकवणं हा निव्वळ व्यवहार आहे.

मग येतो जुना कारागीर. घरातल्या मुलापेक्षा त्याला जास्त येतं आणि मालकाला धास्ती असते की सगळं शिकून तो पुढच्या गल्लीत दुकान टाकेल. म्हणून मसाला घरी बनवून पुडीत आणायचा, पुरवठादाराचं नाव सांगायचं नाही, असे उपाय होतात. भीती निराधार नाही. पण कायद्याची स्थिती माहीत असावी. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरी सोडल्यावर ‘हाच धंदा करायचा नाही’ अशी अट घालणारा करार सहसा टिकत नाही. गोपनीयतेचा करार करता येतो आणि तो करावाही. पण कारागिराला बांधून ठेवणारी खरी दोरी म्हणजे त्याचा पगार, त्याच्या मुलाच्या फीची वेळेवर केलेली सोय आणि नफ्यातला ठरलेला, कागदावर लिहिलेला वाटा. गुपित एकाच पुडीत ठेवणाऱ्या मालकानं स्वतःला विचारावं की तो स्वतः महिनाभर अंथरुणाला खिळला तर ती पुडी कोण बांधणार.

कागदांचं थोडक्यात. भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि करारात वेगळं कलम नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनं फर्म विसर्जित होते. दोनच भागीदार असले तर कलम असूनही फर्म उरत नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. मालक एकटाच असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक त्याच्या पॅनशी बांधलेला असतो, त्यामुळे वारसाला नवी नोंदणी घ्यावी लागते. खाद्यपदार्थांचं लायसन्स मालकाच्या मृत्यूनंतर वारसासाठी तीन महिने चालतं, तेवढ्यात पुढची सोय करायची. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगूनही घरोघरी गोंधळ आहे, म्हणून मृत्युपत्र करावं. काउंटरवरचा क्यूआर कोड बाबांच्या बचत खात्याला जोडलेला असेल आणि ओटीपी बाबांच्याच सिमवर येत असेल तर तेही याच यादीत घालावं. नावाबद्दल तर आधीच लिहून ठेवावं. सांगलीत १८३२ मध्ये सुरू झालेल्या गाडगीळ सराफांच्या घराण्यातून आज वेगवेगळ्या पेढ्या चालतात आणि वामन हरी पेठे या नावाच्याही. मोठ्या घराण्यांना वकील परवडतात. दोन भावांच्या फरसाणाच्या दुकानाला नावावरून कोर्टात जाणं परवडत नाही.

बाहेर शिकावं

धंद्यातल्या मुलानं आधी दुसऱ्याच्या पेढीवर काम करावं, ही मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांची जुनी रीत. मराठी घरांत ‘आपलं दुकान असताना दुसऱ्याकडे चाकरी कशाला’ असा आडमुठेपणा दिसतो. विठ्ठल कामत यांनी घरचं हॉटेल असताना तरुणपणी लंडनच्या उपाहारगृहात काम केलं आणि ‘इडली, ऑर्किड आणि मी’ या आत्मचरित्रात त्याबद्दल लिहिलं. लंडन नको, पण डोंबिवलीच्या मुलानं वर्षभर पुण्यात किंवा कोल्हापुरात कोणाकडे तरी काम करावं. तिथे त्याला कोणी ‘शेठचा मुलगा’ म्हणत नाही आणि उशीर झाला तर पगार कापला जातो.

मालकालाही सोबत लागते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून, आणि तिथल्या लघुउद्योजकांची संघटना तसंच कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातल्या कारखानदारांची ‘कामा’ यांच्याकडे पाणी, वीज, परवाने यांवर बोलायची जागा आहे. पुलांचं बांधकाम करणारे अभियंते माधवराव भिडे यांनी उभ्या केलेल्या सॅटर्डे क्लबमध्ये मराठी उद्योजक एकमेकांना काम देतात. अशा बैठकांना दर वेळी बाबाच जातात आणि मुलाला दुकानावर बसवतात. उलटं करून पाहावं. पुंडलिक पै यांची फ्रेंड्स लायब्ररी डोंबिवलीत पुस्तकांची अदलाबदल भरवते आणि लोक घरचं कपाट रिकामं करून आणतात. वाचलेलं पुस्तक दुसऱ्याला द्यायला ज्या शहराला काही वाटत नाही, तिथले दुकानदार चांगल्या पॅकिंगवाल्याचा पत्ता शेजाऱ्यापासून लपवतात, हे गमतीचं आहे. पॅकिंगवाल्याला दोन गिऱ्हाइकं मिळाली तर तो भाव उतरवतो, हेही त्यांना ठाऊक असतं.

राहता राहिले ते जुने मालक. सगळं सांगून झालं, वही भरली, लायसन्स बदललं, आणि सकाळी सात वाजता ते पुन्हा दुकानात हजर. ‘बाबा, घरी बसा ना आता,’ असं म्हणणारा मुलगा चांगला असतो, पण त्याचं गणित चुकतं. चाळीस वर्षं पहाटे शटर वर करणाऱ्या माणसाला घरी बसवलं तर तो चार महिन्यांत आजारी पडतो किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतो. त्याला ठरलेलं काम द्यावं. सकाळी सात ते दहा, जेव्हा जुनी गिऱ्हाइकं येतात. नव्या पोऱ्याला माल ओळखायला शिकवणं. रुसलेल्या पुरवठादाराकडे जाऊन चहा पिऊन येणं. उधारीचं लांबलेलं येणं, जे फक्त त्यांच्या शब्दावर येतं. दहा वाजता त्यांनी उठायचं, गल्ल्याची किल्ली त्यांच्याकडे नाही, आणि काही पटलं नाही तर ते रविवारी घरच्या बैठकीत बोलायचं. पहिल्या महिन्यात ते साडेदहापर्यंत रेंगाळतील. तेवढं चालवून घ्यावं.